न दिसणारा सांधा

दोन वस्तू एकत्र जोडल्या की त्यांच्यामध्ये सांधा हा राहणारच. दोन पट जोडून शिवलेल्या गोधडीत शिवण असते, दोन फळ्या जोडून केलेल्या दारात फट असते, दगडावर दगड रचून बांधलेल्या भिंतीत रेषा असते. सांधा मुळीच राहू नये, हे कोणाही कारागिराला साधत नाही. तो योग्य ठिकाणी यावा आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याला खुपू नये, एवढेच त्याच्या हाती असते. चौकड्यांचे कापड शिवताना चांगला शिंपी एका पटाची चौकट दुसऱ्या पटाच्या चौकटीशी जुळवून घेतो. शिवण जागच्या जागी असते. परंतु चौकटींची ओळ अखंड दिसते. नांदेड जिल्ह्यातील होट्टल आणि लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे चालुक्य शैलीची जुनी दगडी मंदिरे आहेत. त्यांच्या भिंतींच्या थरांना कंगोरे कोरलेले आहेत. दोन थरांमधील रेषा त्या कंगोऱ्यांच्या सावलीत मिसळून जाते आणि पाहणाऱ्याची दृष्टी मूर्तींवर स्थिरावते.

कापड आणि दगड यांप्रमाणेच प्रकाशाने काढलेल्या चित्रालाही सांधे असतात. लातूरच्या सिद्धेश्वराची किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगावची यात्रा घ्या, एखादी मोठी सभा घ्या, नाहीतर गावातला लग्नसमारंभ घ्या. अलीकडे अशा प्रसंगी मोठमोठे प्रकाशमान पडदे उभारण्याची रीत पडली आहे. दुरून पाहिले तर पडदा एकसंध वाटतो. जवळ जाऊन पाहिले म्हणजे कळते, की तो अनेक चौकोनी तुकड्यांचा बनविलेला आहे. क्वचित त्या तुकड्यांमधील रेषाही स्पष्ट दिसतात. वक्त्याच्या कपाळावर एक आडवी रेघ उमटते, नाहीतर बैलगाडीचे चाक मधोमध चिरल्यासारखे दिसते. हे चित्र तुकड्यांतुकड्यांनी का जोडावे लागते, आणि त्याचे सांधे भिंगाच्या साहाय्याने कसे लपविता येतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

चित्र मोठे करून दाखविण्याची हौस महाराष्ट्राला नवी नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने चित्रांचे खेळ दाखविण्यास आरंभ केला. काचेच्या लहान पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्यापुढे धरावयाची आणि भिंगातून त्यांची मोठी प्रतिमा कापडावर पाडावयाची, अशी ती रचना होती. पुराणातील कथा अशा रीतीने डोळ्यांपुढे उभ्या राहिलेल्या पाहून लोक थक्क होत. या खेळात काचेवरील चित्र एकच असे. म्हणून कापडावरील चित्रालाही सांधा नसे. परंतु त्याला एक मर्यादा होती. दिव्याचा प्रकाश तेवढाच, आणि तो जितक्या मोठ्या कापडावर पसरावा तितका फिका पडावयाचा. कापडाची लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट केली, की क्षेत्रफळ चौपट होते, आणि प्रत्येक भागाच्या वाट्याला प्रकाशाचा चौथा हिस्साच येतो. एका दिव्याने भागेनासे झाले, म्हणजे अनेक दिवे जोडावे लागतात. दिवे जोडले की चित्रांचे तुकडे आले आणि तुकड्यांबरोबर सांधेही आले.

हा अनुभव चित्रपटसृष्टीला १९५२ साली आला. त्या वर्षी अमेरिकेत न्यूयॉर्क येथे ‘सिनेरामा’ नावाचा नवा प्रकार प्रथम दाखविण्यात आला. त्याचे जनक फ्रेड वॉलर हे होत. तीन यंत्रे एकाच वेळी तीन चित्रे एका प्रचंड वक्र पडद्यावर शेजारी शेजारी टाकीत, आणि त्या तिन्हींचे मिळून एक विशाल दृश्य तयार होई. परंतु दोन चित्रे जेथे मिळत, तेथे उभी रेषा दिसे. ती पुसट व्हावी म्हणून यंत्रांत फणीसारख्या दातेरी पट्ट्या बसविल्या होत्या. त्या पट्ट्या वेगाने खालीवर हलत, त्यामुळे चित्राची कड तीक्ष्ण न राहता विरळ होत जाई. रेषा पुसट झाली खरी. पण पूर्णपणे गेली नाही. तरीही त्या युक्तीमागील विचार मोलाचा होता. सांध्यावरील प्रकाश एकदम तोडावयाचा नाही, तर त्याची वाटणी हळूहळू बदलत न्यावयाची, असा तो विचार होता. पुढे भिंगांची रचना करणाऱ्यांनीही हेच सूत्र निराळ्या साधनांनी अमलात आणले.

आजच्या पडद्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात लहान लहान एलईडी दिव्यांची रांगोळी मांडलेली असते. रांगोळीच्या ठिपक्यांप्रमाणे हे दिवे सारख्या अंतरावर असतात. समजा, दोन दिव्यांमधील अंतर ४ मिलिमीटर आहे. दोन तुकडे जोडताना सांध्यावरील अंतरही बरोबर ४ मिलिमीटरच राहिले, तर सांधा दिसत नाही. ते किंचित वाढले तर तेथे काळी रेघ दिसते, आणि किंचित घटले तर उजळ रेघ दिसते. रांगोळीतील एक ओळ थोडी सरकली, तर सारी नक्षी बिघडल्यासारखी दिसते, तसेच हे आहे. येथे भिंगाची गरज नाही. काटेकोर जोडणीची गरज आहे.

दुसऱ्या प्रकारात दूरचित्रवाणी संचासारखी सपाट पटले एकमेकांना चिकटवून भिंत केलेली असते. त्यांत दोन काचांच्या मध्ये द्रवस्फटिक नावाचा पदार्थ भरलेला असतो. तो बाहेर सांडू नये म्हणून काचांच्या कडा डिंकासारख्या पदार्थाने बंद कराव्या लागतात. तसेच प्रत्येक चित्रबिंदूला विजेचा संदेश पोचविणाऱ्या बारीक तारांनाही कडेला जागा द्यावी लागते. या कारणाने पटलाच्या भोवती एक काळी चौकट राहते. तेथे एकही चित्रबिंदू नसतो. ही चौकट कोणा कारागिराच्या आळसामुळे आलेली नाही. ती काढून टाकली, तर पटलच निकामी होईल. ती वर्षांगणिक अधिकाधिक अरुंद होत गेली आहे. परंतु नाहीशी झालेली नाही.

एवढ्याशा काळ्या रेघेने काय बिघडते, असे कोणी विचारील. समजा, पावसाळ्यात गोदावरीला पूर आला आहे आणि अधिकारी मंडळी अशा एका भिंतीवर नांदेड परिसराचा नकाशा पाहत आहेत. विष्णुपुरी प्रकल्पातील पाण्याची पातळी, आसना नदीचे पाणी, लातूरकडून येणाऱ्या मांजरेचा प्रवाह, हे सारे त्यावर बारीक अक्षरांत व अंकांत लिहिलेले आहे. चौकटीच्या जागी येणारा चित्राचा भाग गाळून टाकला, तर एखाद्या आकड्यातील दशांशचिन्हच दिसेनासे होईल. तो भाग न गाळता चित्र दोन्ही बाजूंना सरकविले, तर नदीचे पात्र सांध्याशी तुटलेले दिसेल. मराठी लिपीत तर एका अनुस्वाराने शब्दाचा अर्थ बदलतो, आणि तो अनुस्वार म्हणजे केवळ एक ठिपका. सांधा लपविणे हा केवळ शोभेचा प्रश्न नाही, हे यावरून ध्यानात येईल.

आता भिंगाकडे वळू. काचेतून किंवा तशाच पारदर्शक पदार्थातून प्रकाश तिरकस पृष्ठभागावर बाहेर पडताना वाकतो. यास वक्रीभवन म्हणतात. पाण्याने भरलेल्या पेल्यात पेन्सिल तिरपी ठेवली, की ती पाण्याच्या पातळीशी मोडल्यासारखी दिसते, ते याच कारणाने. लोलकातून पाहिले असता समोरची वस्तू आपल्या मूळ जागेवरून सरकलेली दिसते. हाच गुण सांधा लपविण्याच्या कामी येतो. चौकटीच्या वर लोलक ठेवला आणि प्रेक्षकाची दृष्टी त्या लोलकामुळे आतील बाजूस वळली, तर तो पाहील चौकटीच्या जागी, पण त्याला दिसेल शेजारचा चित्रबिंदू. चौकट जेथल्या तेथे राहिली; प्रेक्षकाची दृष्टी मात्र तिला वळसा घालून गेली.

परंतु एवढ्याने काम पुरे होत नाही. केवळ कडेचा भाग सरकविला, तर चित्राचा एक पट्टा दोनदा दिसेल. म्हणून दृष्टी वळविण्याचे प्रमाण क्रमाक्रमाने बदलावे लागते. पटलाच्या मध्यभागी ते शून्य असावे, कडेकडे जाताना वाढत जावे, आणि नेमके चौकटीवर सर्वांत अधिक असावे. सर्व लोलक अशा क्रमाने मांडले, म्हणजे त्यांचे एक बहिर्वक्र भिंगच तयार होते. असे जाड, फुगीर भिंग प्रत्येक पटलाच्या कडेला बसविणे मात्र सोयीचे नव्हे. ते जड होईल आणि जागाही फार व्यापील.

या अडचणीवरचा उपाय दोनशे वर्षांपूर्वीच निघाला होता, आणि तोही निराळ्याच कामासाठी. समुद्रावरील दीपगृहांत दिव्याचा प्रकाश दूरवर फेकण्यासाठी प्रचंड भिंगे लागत. काच जितकी जाड, तितकी ती जड, आणि तितकाच अधिक प्रकाश ती गिळून टाकी. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याचा जन्म १७८८ सालचा. त्याने या प्रश्नाचा मुळापासून विचार केला. प्रकाश वाकतो तो केवळ भिंगाच्या पृष्ठभागावर. आतील काच त्या कामी काहीच करीत नाही. मग पृष्ठभागाचा उतार तेवढा कायम ठेवून आतील काच काढून टाकली तर? फ्रेनेलने भिंगाच्या पृष्ठभागाचे अनेक वर्तुळाकार पट्टे कल्पिले आणि प्रत्येक पट्टा त्याच्या उतारासह खाली बसविला. फुगीर भिंगाच्या जागी पायऱ्यापायऱ्यांचे हलके भिंग तयार झाले. ही रचना त्याने १८२२ साली मांडली, आणि १८२३ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कोर्दुआँ येथील दीपगृहात ती प्रत्यक्ष बसविण्यात आली. १८२७ साली, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो निवर्तला. परंतु त्याच्या पद्धतीची भिंगे पुढे जगभरच्या दीपगृहांत गेली. कोकणच्या किनाऱ्यावर खांदेरी बेटावरील दीपगृह १८६७ साली आणि मुंबईच्या कुलाब्याजवळील प्राँग्ज दीपगृह १८७५ साली उभे राहिले, तो काळ याच भिंगांचा होता.

समुद्रापासून दूर असलेल्या मराठवाड्यातही फ्रेनेलचे भिंग पोचले आहे. ज्या ओव्हरहेड प्रोजेक्टरने शाळा-महाविद्यालयांत पारदर्शक कागदावरील आकृत्या भिंतीवर दाखवीत असत, त्याच्या काचेच्या मेजाखाली असेच सपाट भिंग असे. वाचनासाठी मिळणारे पातळ प्लॅस्टिकचे सपाट भिंगही त्याच जातीचे. त्यावरून नख हळूच फिरविले, तर बारीक वर्तुळाकार खाचा हाताला जाणवतात. भिंग पातळ असूनही अक्षरे मोठी दिसतात, याचे रहस्य त्या खाचांत आहे.

पडद्याचा सांधा लपविणाऱ्या भिंगात हेच तत्त्व अधिक सूक्ष्म प्रमाणावर वापरतात. ॲक्रिलिक नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या तावावर खाचांची रांग कोरलेली असते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रोमीटर म्हणतात. माणसाचा केस साधारणपणे ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो. या खाचा केसाच्या जाडीपासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत रुंद असतात. ताव वरून पाहिला तर सपाट वाटतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तो करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. प्रत्येक दाता म्हणजे एक इवलासा लोलक होय. तावाचा मधला भाग कोरा असतो. कडेकडे जाताना दात्यांचा उतार वाढत जातो.

या रचनेचा हिशेब सोपा आहे. समजा, दोन पटलांमधील काळी पट्टी ४ मिलिमीटर रुंद आहे. प्रत्येक बाजूच्या भिंगाने तिचा निम्मा भाग, म्हणजे २ मिलिमीटर, झाकावयाचा आहे. ॲक्रिलिकच्या १० अंश उताराच्या लोलकातून जाताना प्रकाश सुमारे ५ अंश वळतो. ५ अंश वळलेल्या किरणाला २ मिलिमीटर बाजूला सरकण्यासाठी सुमारे २३ मिलिमीटर अंतर जावे लागते. म्हणून भिंगाचा ताव चित्रबिंदूंपासून २३ मिलिमीटर वर ठेवावा लागेल. उतार २० अंशांचा केला, तर प्रकाश साडेदहा अंशांहून थोडा अधिक वळतो, आणि ताव केवळ ११ मिलिमीटर वर ठेवूनही भागते.

भिंगाने २० मिलिमीटर रुंदीच्या कडेवर १८ मिलिमीटर रुंदीचे चित्र ताणून दाखविले, तर चेहरे तेथे किंचित रुंद दिसतील. म्हणून चित्र पाठविणारे यंत्र कडेचे चित्र आधीच तेवढ्याच प्रमाणात आखडून ठेवते. यंत्र आखडते, भिंग ताणते, आणि दोन्ही मिळून चित्र मूळ आकाराचे होते. नकाशावरील एकही अक्षर गाळावे लागत नाही. यातील एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. भिंगाने नवा चित्रबिंदू निर्माण केलेला नाही. १८ मिलिमीटरमधील ठिपक्यांनीच २० मिलिमीटरचे काम केले आहे. कडेवरचे चित्र म्हणूनच मध्यभागापेक्षा थोडे कमी रेखीव असते. कडेशी फार बारीक अक्षरे मांडू नयेत, ही खबरदारी चित्र मांडणाऱ्यानेच घ्यावयाची असते.

असे ताव घडविण्याचे कामही नाजूक आहे. प्रथम हिऱ्याच्या टोकाने मऊ धातूवर खाचा कोरतात. त्या धातूवरून साचा तयार करतात, आणि तो साचा तापविलेल्या प्लॅस्टिकवर दाबतात. दात्याचे टोक जेथे बोथट राहील, तेथे प्रकाश भलतीकडे विखुरतो व चित्रावर धुके पसरल्यासारखे दिसते. दुसरी अडचण आणखी चमत्कारिक आहे. दोन चाळण्या एकमेकींवर धरून उजेडाकडे पाहिले, तर चाळण्यांत नसलेले मोठे मोठे पट्टे दिसू लागतात, आणि एक चाळणी जरा फिरविली की ते पट्टेही हलतात. चित्रबिंदूंची ओळ ही एक जाळी आणि खाचांची ओळ ही दुसरी जाळी. दोघींची मापे जवळजवळ सारखी असली, तर तसेच पट्टे पडद्यावर उमटतात. म्हणून खाचा चित्रबिंदूंपेक्षा बऱ्याच बारीक ठेवतात, किंवा त्यांची दिशा थोडी तिरपी करतात. सांधा लपविण्याच्या भरात पट्टे निर्माण झाले, तर लाभ काय?

मराठवाड्याच्या हवामानात तिसरी अडचण उष्णतेची आहे. उन्हाळ्यात येथे पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो, आणि उन्हात ठेवलेली धातूची चौकट हवेपेक्षाही अधिक तापते. पहाटेपेक्षा तापमान ३० अंशांनी वाढले, तर अर्धा मीटर लांबीची ॲल्युमिनियमची चौकट सुमारे ०.३५ मिलिमीटरने वाढते. तेवढ्याच लांबीचा ॲक्रिलिकचा ताव मात्र सुमारे १ मिलिमीटरने वाढतो. ताव आणि पटल यांची वाढ सारखी नसल्यामुळे सकाळी जुळलेल्या खाचा दुपारी चित्रबिंदूंवरून सरकतात. या कारणाने अशी भिंगे घराच्या आत, जेथे तापमान फारसे बदलत नाही, तेथेच अधिक उपयोगी पडतात. मोकळ्या मैदानावरील यात्रेत एलईडी दिव्यांचा पडदाच बरा.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र प्रेक्षकाच्या जागेचा आहे. भिंगाची आखणी करणारा तज्ज्ञ आपला हिशेब पडद्यापासून सुरू करीत नाही. तो प्रेक्षकाच्या डोळ्यापासून सुरू करतो. डोळ्यातून एक रेषा निघाली आहे अशी कल्पना करून, ती भिंगातून वळून कोणत्या चित्रबिंदूवर पोचते, हे तो उलट दिशेने शोधीत जातो. अशा सहस्रावधी रेषांचा हिशेब आज संगणक करतो. परंतु डोळा कोणाचा धरावयाचा, हे संगणक ठरवीत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते.

वर सांगितलेल्या पहिल्या भिंगाचेच उदाहरण घ्या. ते किरण ५ अंश वळविते. ढोबळ हिशेबाने, पाहणारा मधल्या रेषेपासून ५ अंश बाजूला सरकला, की भिंगाचा सारा प्रभाव त्याच्यापुरता संपतो आणि काळी पट्टी पुन्हा डोकावू लागते. पडद्यापासून १० मीटर अंतरावर बसलेल्या माणसाच्या बाबतीत हे ५ अंश म्हणजे अवघे ८७ सेंटिमीटर होत. मधल्या खुर्चीवरील पाहुण्याला अखंड चित्र दिसेल, आणि त्याच्या शेजारून दुसऱ्या खुर्चीवरील माणसाला सांधा दिसू लागेल. दुसऱ्या, २० अंश उताराच्या भिंगाने हे अंतर दुपटीने, म्हणजे पावणेदोन मीटरांहून थोडे अधिक होते. उतार याहून वाढवावा, तर लोलकाचा दुसरा स्वभाव आडवा येतो. लोलक निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक वळवितो, आणि अक्षरांच्या कडांना तांबूस व निळसर झालर दिसू लागते. शिवाय तिरकस पृष्ठभागावरून अधिक प्रकाश परत फिरतो. एका गुणासाठी दुसऱ्या गुणाची किंमत मोजावी लागते. किती किंमत मोजावयाची, हे आखणी करणाऱ्याच्या विवेकावर अवलंबून राहते.

येथे तज्ज्ञापुढे दोन वाटा असतात. समोर मध्यभागी बसणाऱ्या मोजक्या लोकांसाठी चित्र सर्वोत्कृष्ट करावे, ही एक वाट. मध्यभागाची थोडी चमक सोडून देऊन बाजूस बसलेल्यांनाही चित्र अखंड दिसेल असे करावे, ही दुसरी वाट. सभागृहात उशिरा पोचलेले, दुरून पायी आलेले, लहान मुलांना घेऊन कडेला बसलेले लोक बहुधा बाजूच्याच रांगांत असतात. पुराच्या नकाशापुढेही सर्वांना मध्यभागी उभे राहता येत नाही. बाजूला उभा असलेला कर्मचारीच कदाचित गावाला इशारा पाठविणार असतो. तो आकडा त्याने चुकीचा वाचला, तर मध्यभागी दिसणाऱ्या सुंदर चित्राचा काय उपयोग? म्हणून जाणता आखणीकार प्रथम पडद्यापुढील जागा पाहतो, बाजूची शेवटची खुर्ची कोठे येते ते मोजतो, आणि त्या खुर्चीवरून हिशेब मांडतो. तेथून सांधा लपविणे शक्य नसेल, तर तो भिंग बसविण्याचा आग्रह धरीत नाही. अरुंद चौकटीची पटले घ्यावीत आणि महत्त्वाचे आकडे सांध्यापासून दूर मांडावेत, असेच तो सुचवितो.

फ्रेनेलने भिंगातील निरुपयोगी काच तेवढी काढली, उपयोगी पृष्ठभाग राखला. सिनेरामाच्या कारागिरांनी प्रकाश एकदम न तोडता हळूहळू विरळ केला. सूक्ष्म खाचांचे भिंग या दोन्ही विचारांवर उभे आहे. सांधा त्याने नाहीसा केलेला नाही, आणि प्रकाशाचा एक कणही नव्याने दिलेला नाही. जो प्रकाश होता, त्याचीच त्याने नव्याने वाटणी केली आहे. ती वाटणी करताना कडेला बसलेल्या माणसाचाही वाटा ज्याने मोजला, त्याचे भिंग चांगले म्हणावयाचे.

स्वाध्याय

१. सांधा नाहीसा करणे आणि सांधा लपविणे यांत काय फरक आहे? शिंप्याचे उदाहरण घेऊन सांगा.

२. शांबरिक खरोलिकेच्या चित्राला सांधा का नसे? तरीही तिला कोणती मर्यादा होती?

३. भिंगातील कोणती काच निरुपयोगी आहे, असे फ्रेनेलला वाटले? का?

४. ‘भिंगाने नवा चित्रबिंदू निर्माण केलेला नाही,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

५. पडद्यापासून १० मीटर अंतरावर ५ अंश म्हणजे ८७ सेंटिमीटर होतात. २० मीटर अंतरावर किती होतील?

६. तुमच्या शाळेच्या सभागृहात असा पडदा बसवावयाचा आहे. आखणी करणाऱ्याला तुम्ही कोणकोणती मापे द्याल? दहा ओळी लिहा.

७. दोन चाळण्या एकमेकींवर धरून उजेडाकडे पाहा. काय दिसले, त्याचे वर्णन करा.